ज्वारीला राज्यधान्य करा, पण पहिले गिऱ्हाईकही व्हा

प्रति,
माननीय कृषिमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई



सप्टेंबर २०२३ मध्ये पापलेट महाराष्ट्राचा राज्यमासा झाला. मागणी पालघरजवळच्या सातपाटीच्या मच्छीमारांची होती. ज्या बंदराने पापलेटच्या जिवावर पिढ्या पोसल्या, तिथल्या जाळ्यांत मासा कमी येऊ लागला होता, आणि येत होता तोही आकाराने लहान. नुसत्या मानाने समुद्रात मासे वाढत नाहीत, हे सातपाटीच्या तांडेलांना कोणी सांगायला नको. पण त्याच वर्षी राज्याने ५४ जातींच्या मासळीसाठी किमान कायदेशीर आकार ठरवून दिला. त्याहून लहान मासा पकडणे आणि विकणे बेकायदा झाले. पापलेट त्या यादीत आहे.

मानापाठोपाठ नियम आला, म्हणून त्या मानाला वजन आले. हे पत्र त्याच रीतीने आणखी एक मान मागण्यासाठी आहे: ज्वारीला महाराष्ट्राचे राज्यधान्य म्हणून जाहीर करावे.

राज्याच्या मानचिन्हांची यादी आता चांगलीच लांबली आहे. शेकरू राज्यप्राणी, हरियाल राज्यपक्षी, आंबा राज्यवृक्ष, ताम्हण राज्यफूल. २०१५ मध्ये निलवंत हे फुलपाखरू त्यात आले आणि राज्यफुलपाखरू ठरवणारे महाराष्ट्र देशातले पहिले राज्य ठरले. २०२० मध्ये पांढरी चिप्पी हा कांदळवनातला वृक्ष आला, मग पापलेट, मग दांडपट्टा हे राज्यशस्त्र. सप्टेंबर २०२४ मध्ये देशी गाईला ‘राज्यमाता-गोमाता’ असा दर्जा मिळाला, आणि गोशाळांतल्या देशी गाईंसाठी दिवसाला ५० रुपये अनुदानाचा निर्णयही त्याच सुमारास झाला. झाड आहे, मासा आहे, गाय आहे. त्या गाईच्या दावणीत जो कडबा पडतो आणि तिच्या धन्याच्या ताटात जी भाकरी पडते, त्या दोन्हींचे जे मूळ, ते मात्र यादीत नाही.

जोंधळा म्हणा, शाळू म्हणा, ज्वारी म्हणा. या राज्याच्या फार मोठ्या भागात जेवणाचे दुसरे नावच भाकरी होते. पाहुण्याला ‘भाकरी खाऊन जा’ म्हणायचे आणि नोकरी गेली की ‘भाकरी तुटली’ म्हणायचे, ते उगीच नाही. सोलापूर, अहिल्यानगर, बीड, धाराशिव, परभणी, सांगलीतला जत, साताऱ्यातला माण-खटाव हा रब्बी ज्वारीचा पट्टा. आणि सोयाबीन येण्यापूर्वीचा विदर्भ, खानदेश व मराठवाडा हा खरिपाच्या ज्वारीचा मुलूख. हे पीक मुळात आफ्रिकेतले, काही हजार वर्षांपूर्वी इकडे आलेले. पण मिरची, बटाटा आणि शेंगदाणा जितके आपले, त्याहून ज्वारी कितीतरी जुनी आपली आहे.

सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढ्याला ज्वारीचे कोठार म्हणतात. संत दामाजीपंतांची कथा याच गावची. बहामनी राज्यात दुष्काळ पडला, माणसे अन्नावाचून मरू लागली, आणि सरकारी अंबाराच्या रक्षणासाठी नेमलेल्या या माणसाने ती अंबारे उपाशी लोकांसाठी खुली केली. बीदरच्या दरबारात त्याचा हिशोब मागितला गेला तेव्हा पंढरीचा विठ्ठल विठू महाराच्या रूपाने जाऊन धान्याची रक्कम भरून आला, असे कथा सांगते. अंबारात नेमके कोणते धान्य होते, याबद्दल कथा मौन पाळते. पण मंगळवेढ्याच्या काळ्या रानात उभे राहिलेल्या माणसाला ते विचारावे लागत नाही. खोल, चिकट, पाणी धरून ठेवणारी ही जमीन. पावसाळ्यात पोटात साठवलेल्या ओलीवर, वरून थेंबही न देता, इथे शाळू पिकतो. २०१६ मध्ये मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळाले, ते याच मातीमुळे.

याच जिल्ह्यातल्या मोहोळची गोष्टही आपल्या दप्तरात असायला हवी. तिथल्या संशोधन केंद्रात १९३० च्या दशकात शेतकऱ्यांकडच्या मालदांडी या गावरान वाणातून निवड करून ‘एम ३५-१’ हा वाण काढला गेला. मोत्यासारखा टपोरा, चकाकणारा दाणा, गोडसर भाकरी आणि जनावरे चवीने खातील असा कडबा. त्यानंतर राहुरीच्या विद्यापीठाने फुले वसुधा, फुले रेवती, फुले सुचित्रा असे वाण दिले, परभणीच्या विद्यापीठाने परभणी मोती आणि परभणी ज्योती दिले. तरीही नव्वद वर्षांपूर्वीचा मालदांडी अजून पेरला जातो आणि बाजारात त्याच्याच नावाने भाव फुटतो. केंद्र सरकार दरवर्षी हमीभावांचा तक्ता काढते, त्यात ज्वारीच्या दोन ओळी असतात: एक ‘संकरित’ आणि दुसरी ‘मालदांडी’. महाराष्ट्राच्या शिवारातले एक गावठी नाव दिल्लीच्या तक्त्यात छापले जाते, हा मान दिल्लीने कधीच दिला आहे. मुंबईने तो अजून दिलेला नाही.

पण त्या तक्त्यातले आकडेही वाचायला हवेत. २०२५-२६ साठी संकरित ज्वारीचा हमीभाव क्विंटलला ३,६९९ रुपये आणि मालदांडीचा ३,७४९. दोहोंत फरक पन्नास रुपयांचा. भाकरी थापणाऱ्या कोणत्याही बाईला विचारले तर ती या दोन धान्यांत किती अंतर आहे ते एका घासात सांगेल. त्याच हंगामात सोयाबीनचा हमीभाव ५,३२८ रुपये ठरला. शेतकऱ्याने काय पेरावे, याचे उत्तर या तीन आकड्यांनीच अर्धे देऊन टाकले.

उरलेले अर्धे उत्तर रानात मिळते. रब्बी ज्वारीचे वर्ष ज्यांनी जवळून पाहिले नाही त्यांच्यासाठी ते थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण मंत्रालयातल्या फायलींवर हे पीक एका ओळीत संपते. पावसाळाभर रान मोकळे ठेवायचे, कुळवाच्या पाळ्या घालून तण मारायचे आणि ओल कोंडायची. उत्तरा-हस्ताचा पाऊस बघून वाफशावर पेरणी करायची. थंडी आणि दव यांवर पीक वाढते. मार्गशीर्षातल्या अमावस्येला लातूर, धाराशिव, सोलापूरकडे येळवस असते. गावेच्या गावे रानात जातात, कडब्याची कोप करून पांडवांची पूजा मांडतात, भज्जी, उंडे आणि मडक्यातली आंबील असे जेवण होते, आणि आंबिलीचे शिंतोडे उभ्या ज्वारीवर उडवतात. नंतर कणसे दुधात येतात आणि हुरड्याचे दिवस सुरू होतात. गुळभेंडीची कणसे आगटीत भाजायची, तळहातावर चोळायची, लसणाची चटणी आणि गूळ जवळ ठेवायचा. पुण्या-मुंबईची माणसे आता पैसे मोजून हुरडा खायला येतात, आणि काही शेतकऱ्यांना दाण्यापेक्षा हुरड्यातून बरे पैसे मिळतात, हे चांगलेच आहे.

हुरड्याची मंडळी परत गेल्यावरचे काम मात्र कोणी बघायला येत नाही. आधी पाखरे. पूर्वी सगळे शिवार ज्वारीचे असे, तेव्हा पाखरांचा वाटा सगळ्यांत विभागला जाई. आज चहूबाजूंनी ऊस आणि मधे एकट्याची दोन एकर ज्वारी असली, की पंचक्रोशीतले सगळे थवे तिथेच उतरतात. पहाटेपासून दिवस मावळेपर्यंत गोफण घेऊन माळ्यावर उभे राहायला घरात माणूस उरलेला नाही. म्हणून एकाने ज्वारी सोडली की शेजाऱ्यालाही सोडावी लागते. एखादे पीक गावातून एकेका शेताने जात नाही, ते असे एकदम जाते.

मग काढणी. गहू कापतात, ऊस तोडतात, ही ज्वारी उपटावी लागते. फेब्रुवारी-मार्चात जमीन वाळून भेगाळलेली, मुळे खोल गेलेली, ताट पुरुषभर उंच. दोन्ही हातांनी धरून हिसका मारायचा, मुळाची माती झटकायची, आडवे टाकायचे, पुन्हा पुढचे ताट. अंगाला कूस लागून खाज सुटते, तळव्यांना फोड येतात. उन्हाच्या आत व्हावे म्हणून माणसे पहाटे दवात काढणीला लागतात. त्यानंतर कणसे खुडणे, पेंढ्या बांधणे, मळणी आणि गंज रचणे. हे काम करायला मजूर मिळत नाहीत, आणि मिळाले तर त्यांची मजुरी हमीभावात बसत नाही. कापणीचे मोठे यंत्र लावावे तर उंच ताटाचा कडबा वाया जातो. आणि दुष्काळी सालात कडब्याच्या शेकड्याला जो दर येतो, त्यावरच कित्येक घरांचा उन्हाळा निघतो. कडबा न तुडवता, न तोडता ज्वारी मुळासकट काढून देणारे आणि लहान शेतकऱ्याला भाड्याने परवडणारे यंत्र गावोगाव पोहोचले, तर या पिकाचे निम्मे दुखणे जाईल. राज्यधान्य जाहीर करण्याच्या शासन निर्णयात एकच वाक्य घालायला जागा असेल, तर ते या यंत्राबद्दल असावे.

शेजारच्या उसाकडे बघा. सोलापूर जिल्हा एके काळी दुष्काळी म्हणून ओळखला जाई. भीमेवर उजनी धरण झाले, आणि आज या जिल्ह्यात तीसहून अधिक साखर कारखाने आहेत. उसाला पाणी अफाट लागते, हे ऊस लावणाऱ्यालाही ठाऊक आहे. पण उसाला गिऱ्हाईक ठरलेले आहे. दर कायद्याने ठरतो, टोळी कारखाना पाठवतो, वाहन कारखान्याचे येते. बिल उशिरा मिळाल्याच्या तक्रारी असतात, आंदोलने होतात, तरी माल कोणाच्या दारात न्यायचा हा प्रश्न पडत नाही. ज्वारीवाल्याला पाखरे राखण्यापासून बाजार समितीत पोते उतरवण्यापर्यंत सगळे एकट्याने करायचे असते, आणि शेवटी आडत्यासमोर उभे राहून जो भाव निघेल तो घ्यायचा असतो. जिथे पाणी आले तिथे माणसे ज्वारीकडून उसाकडे गेली, यात त्यांची चूक काढण्यासारखे काही नाही.

खरिपात वेगळ्या वाटेने तेच घडले. १९६४ मध्ये ‘सीएसएच-१’ हा देशातला पहिला संकरित ज्वारीचा वाण आला. उतारा वाढला, दुष्काळाशी झुंजणाऱ्या राज्याला त्याचा मोठा आधार झाला. पण बुटकी, लवकर येणारी ही ज्वारी परतीच्या पावसात सापडे आणि दाण्यावर बुरशी चढून तो काळा पडे. ‘हायब्रीड’ हा शब्द विदर्भ-मराठवाड्यात गरिबाच्या भाकरीचे नाव होऊन बसला. १९७२ च्या दुष्काळात परदेशातून आलेली तांबडी मिलो माणसांनी रेशनवर रांगा लावून घेतली. तीही जातीने ज्वारीच. पण तिच्या भाकरीची आठवण त्या पिढीतली म्हातारी माणसे आजही चेहरा वाकडा केल्याशिवाय काढत नाहीत. त्यानंतर रेशनवर गहू आणि तांदूळ आले, चपाती प्रतिष्ठेची झाली आणि भाकरी मागे पडली. नव्वदच्या दशकापासून सोयाबीनने काळे रान व्यापले.

राज्य स्थापन झाले त्या १९६०-६१ साली महाराष्ट्रात ज्वारीखाली ६२ लाख ८४ हजार हेक्टर होते आणि उत्पादन ४२ लाख टनांवर होते. दुसरे कोणतेही अन्नपीक त्याच्या जवळपासही नव्हते. बाजरी १६ लाख हेक्टरवर आणि भात १३ लाखांवर. साठ वर्षांत ज्वारीचे क्षेत्र वीस लाख हेक्टरच्या आसपास आणि त्याहूनही खाली आले. याच काळात या पिकाची नावे मात्र चढत गेली. आधी ते भरडधान्य होते. २०१८ मध्ये केंद्राने राजपत्रात त्याला पौष्टिक तृणधान्य म्हटले. २०२३ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात ते श्रीअन्न झाले, आणि ते वर्ष संयुक्त राष्ट्रांनी भारताच्या पुढाकाराने आंतरराष्ट्रीय तृणधान्य वर्ष म्हणून पाळले. त्याच साली राज्याच्या अर्थसंकल्पात महाराष्ट्र श्रीअन्न अभियानासाठी २०० कोटी रुपयांची आणि सोलापुरात उत्कृष्टता केंद्राची घोषणा झाली. नावे चांगली होती, हेतूही चांगला होता. पेरा वाढायला मात्र नाव पुरत नाही.

म्हणूनच, राज्यधान्य हे चौथे नाव ठरणार असेल, तर ते न दिलेले बरे.

जगात हा प्रयोग पूर्वी झालेला आहे. त्यातून काय घ्यावे आणि काय टाळावे, हे दोन्ही दिसते. अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्याने १९६७ मध्ये संत्र्याच्या रसाला अधिकृत राज्यपेय केले. त्या राज्याच्या मोटारींच्या क्रमांकपट्ट्यांवरही संत्री झळकतात. २००५ मध्ये तिथे लिंबूवर्गीय झाडांना सुकवून टाकणारा ‘ग्रीनिंग’ हा रोग सापडला. त्यात वादळांची आणि जमिनींच्या विक्रीची भर पडली. २००३-०४ मध्ये तिथे २४ कोटींहून अधिक पेट्या संत्री निघाली होती. २०२४-२५ मध्ये सव्वा कोटीच्या आतबाहेर. मान जसाच्या तसा राहिला, बागा गेल्या. नागपूरच्या आणि जालन्याच्या बागायतदारांनी ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

मिनेसोटा हे दुसरे राज्य. तिथल्या तळ्यांत उगवणारा रानतांदूळ मूळ रहिवासी ओजिब्वे लोक होडीत बसून, काठीने झोडपून गोळा करतात. १९७७ मध्ये राज्याने त्याला राज्यधान्य केले. पण तिथे एवढ्यावर थांबले नाहीत. बांधाच्या शेतात लावून पिकवलेला रानतांदूळ बाजारात आला, तेव्हा त्याच्या पाकिटावर तो शेतात पिकवलेला आहे असे स्पष्ट छापण्याचे बंधन कायद्याने घातले गेले. तळ्यातला दाणा आणि शेतातला दाणा यांतला फरक गिऱ्हाइकाला कळू लागला. मंगळवेढ्याच्या मानांकनाला नेमका हाच दात हवा आहे. आज कोणत्याही पोत्यावर ‘मालदांडी’ लिहिता येते. ज्वारीच्या नावाने विकल्या जाणाऱ्या बिस्किटात आणि पोह्यात ज्वारी किती आणि मैदा किती, हे पाकिटाच्या दर्शनी बाजूवर ठळक छापायला लावले, तर गिऱ्हाइकाची फसवणूक टळेल आणि ज्वारीचा खपही खरा होईल.

आपल्या देशात केरळने मार्च २०१८ मध्ये फणसाला राज्यफळ केले. परसात पिकून, पडून, कुजून जाणाऱ्या फळाकडे लोकांनी आणि उद्योगांनी पीक म्हणून बघावे, हा त्यामागचा विचार होता. ओडिशाने घोषणेऐवजी थेट कामच काढले. २०१७ मध्ये तिथे आदिवासी जिल्ह्यांसाठी तृणधान्य अभियान सुरू झाले. सरकारने शेतकऱ्यांकडून हमीभावाने नाचणी विकत घेतली, ती रेशनवर दिली, आणि केओंझर व सुंदरगढ जिल्ह्यांत अंगणवाडीच्या मुलांच्या हातात नाचणीचे लाडू पोहोचले. बियाणे, मळणी आणि लाडू यांत महिला बचत गटांना काम मिळाले. तिथे आता १० नोव्हेंबर हा ‘मांडिया दिवस’ म्हणून साजरा होतो. मांडिया म्हणजे नाचणी. आधी खरेदी, मग सण, हा क्रम महत्त्वाचा. शेजारच्या कर्नाटकातही सरकार ज्वारी आणि नाचणी विकत घेऊन रेशनवर देते. जतहून विजयपूरला जायला तासा-दीड तासाच्या वर लागत नाही. माती तीच, भाकरी तीच.

२०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्यात तांदूळ आणि गव्हाबरोबर भरडधान्याचाही समावेश आहे. अडथळा कायद्याचा नाही. रब्बी ज्वारीच्या जिल्ह्यांत रेशनच्या गव्हातला काही हिस्सा तिथेच विकत घेतलेल्या ज्वारीने भरून काढता येईल. गोदामात ज्वारीला कीड लवकर लागते, ती दीर्घकाळ साठवता येत नाही, हे खरे आहे. पण ती परराज्यातून आणून वर्षभर साठवायचीच नाही. मार्चात निघालेली ज्वारी त्याच जिल्ह्यात सहा महिन्यांत वाटून संपली, तर गोदामाचा प्रश्नही हलका होतो आणि वाहतुकीचा खर्चही.

सरकारच्या स्वतःच्या ताटाबद्दलही इथे बोलायला हवे. १९९५ मध्ये राज्यात एक रुपयात झुणका-भाकर देणारी केंद्रे सुरू झाली. पुढे अनुदान थांबले, टपऱ्या राहिल्या आणि भाकर गेली. जानेवारी २०२० मध्ये दहा रुपयांची शिवभोजन थाळी आली, ती हजारो गरिबांच्या पोटाला आधार झाली. त्या थाळीत दोन चपात्या, एक भाजी, वरण आणि भात ठरला. ज्या राज्यात आणि ज्या राजाच्या नावाने ती थाळी निघाली, तिथल्या मावळ्याची भाकरी तीत नव्हती. त्यामागे कोणाचा दुष्टावा नव्हता. गहू-तांदळाची साखळी तयार होती आणि ज्वारीची नव्हती, इतकेच. शालेय पोषण आहारही मुख्यतः तांदळावर उभा आहे. सामाजिक न्याय विभागाची वसतिगृहे, आदिवासी आश्रमशाळा, कारागृहे, पोलिसांची मेस या सगळ्या ठिकाणी रोज किती माणसे जेवतात याचा हिशोब शासनाकडेच आहे. आठवड्यातले तीन दिवस तिथे भाकरी ठरवली, तर किती क्विंटल ज्वारी लागेल हे आपले कार्यालय एका दुपारी काढू शकेल. तो आकडा पेरणीच्या आधी, ऑगस्टात जाहीर व्हावा. ‘एवढी ज्वारी सरकार या दराने घेणार’ हे पेरताना कळले, तर शेतकरी हस्ताच्या पावसाकडे वेगळ्या नजरेने बघेल.

भाकरी करायची कोणी, हा प्रश्न खरा आहे, आणि तो टाळून ज्वारीचे कौतुक करणे अन्यायाचे होईल. चपाती लाटता येते, भाकरी थापावी लागते. ऊन पाण्यात पीठ मळायचे, परातीत हाताने गोल फिरवत थापायचे, तव्यावर टाकून वरून पाण्याचा हात फिरवायचा, मग विस्तवावर फुगवायची. पीठ जुने झाले की भाकरी तुटते, म्हणून ते दर आठ-दहा दिवसांनी ताजे दळावे लागते. पिढ्यान्‌पिढ्या हे सगळे कष्ट बायकांनी चुलीच्या धुरात फुकट केले. आता नोकरी करून घरी आलेल्या बाईने ते नाकारले, तर तिचा शहाणपणाच आहे. पण त्याच कसबाचे सोलापुरात आज पैसे होताहेत. तिथल्या महिला कडक भाकरी करून पाकिटबंद विकतात. ती महिनोन्‌महिने टिकते आणि दूरच्या शहरांत जाते. वसतिगृहांना आणि थाळी केंद्रांना भाकरी पुरवण्याचे काम अशा बचत गटांना, भाकरीच्या यंत्रांसह आणि वेळेवर बिलांसह दिले, तर जे काम बायकांवर लादले गेले होते त्याचा त्यांना मोबदला मिळेल.

आता आक्षेप येतील. कोकण म्हणेल, आमची नाचणी का नको? नाशिक-धुळ्याकडची माणसे बाजरीचे नाव घेतील. भंडारा-गोंदियाच्या भातपट्ट्याला ज्वारी परकी वाटेल. हे आक्षेप मनापासूनचे आहेत आणि त्यांचा आदर व्हायला हवा. पण शेकरू तरी राज्यात कुठे सगळीकडे दिसते? भीमाशंकरसारख्या मोजक्या जंगलांत तिची घरटी आहेत, म्हणूनच तिला मान देण्याची गरज पडली. पांढरी चिप्पी सोलापूरच्या माणसाने कधी पाहिलेली नसते, तरी ती त्याचीही आहे. राज्य झाले तेव्हा या भूमीच्या सर्वांत मोठ्या हिश्श्यावर जे धान्य उभे होते आणि आज जे इतके मागे हटले आहे, त्याच्या बाजूने हा निवाडा आहे. ज्वारीसाठी रेशनची आणि थाळीची वाट एकदा मोकळी झाली, की त्याच वाटेने पालघरच्या आणि रत्नागिरीच्या शाळांत नाचणी जाईल, आणि धुळ्यात बाजरी.

संशोधनाची बाजू या राज्यात भक्कम आहे, हे समाधान आहे. सोलापुरात भारतीय कृषी संशोधन परिषदेचे रब्बी ज्वारी केंद्र आहे. परभणीच्या विद्यापीठाने इक्रिसॅट या संशोधन संस्थेच्या मदतीने २०१८ मध्ये ‘परभणी शक्ती’ हा वाण दिला; त्यात लोह किलोला ४५ मिलिग्रॅमच्या आसपास आणि जस्त ३२ च्या आसपास आहे, म्हणजे नेहमीच्या ज्वारीपेक्षा चांगलेच जास्त. ज्या राज्यात पंडुरोगाने ग्रासलेल्या मुली आणि बाळंतिणी आहेत, तिथे हा वाण कृषी प्रदर्शनाच्या काचेत ठेवण्यासाठी काढलेला नाही. अंगणवाडीला त्याची भाकरी आणि लाह्या मिळाल्या, तर त्या शास्त्रज्ञांच्या कामाचे चीज होईल.

शासनाने मनावर घेतले तर याला वेळ लागू नये. येत्या येळवशीला आपण धाराशिव किंवा लातूर जिल्ह्यातल्या एखाद्या रानात यावे. त्या दिवशी कोणालाही आमंत्रण लागत नाही, वाटेने जाणाऱ्यालाही बोलावून जेवायला बसवतात. कोपेसमोर, उभ्या ज्वारीत, राज्यधान्याची घोषणा तिथेच व्हावी. आणि येताना खरेदी केंद्रांची यादी, केंद्रे सुरू होण्याची तारीख आणि दर लिहिलेला कागद सोबत आणावा. काढणी फेब्रुवारीत लागते. पहिले पोते मळणीयंत्रातून बाहेर पडेल तेव्हा काटा लावून माणूस बसलेला असला पाहिजे, महिन्यानंतर नव्हे. कारण तोवर गरजवंताची ज्वारी आडत्याकडे गेलेली असते.

कळावे.

आपला,
ज्वारीच्या पट्ट्यातला एक नागरिक